वर जाऊन येणारं बोलणं

दसरा सरला की आमच्या वस्तीवर दारांना कुलपं लागायची. शेवगावच्या पूर्वेला, जिथं विहिरीला खडक लागतो पण पाणी लागत नाही, तिथली ही वस्ती. धडधाकट माणसं सगळी ऊसतोडीला जायची आणि मागं म्हातारी तेवढी उरायची. ट्रॅक्टर यायचा, मागं दोन ट्रॉल्या, आणि त्यात अख्खा संसार चढायचा. बाजरीची पोती, वाकळा, कोयते, कोंबड्यांचं डालगं, पाय बांधलेली शेळी. आमच्या घरची मात्र सगळ्यात आधी चढायची ती टीव्हीची तबकडी. माझे वडील, अप्पा, ती जुन्या वाकळेत गुंडाळून रस्ताभर मांडीवर घेऊन बसायचे. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे. पलीकडच्या पोत्यावर गया मावशी बसलेली असायची. आमच्या टोळीत तिच्याएवढं तिखट तोंड दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ती म्हणायची, "दाजी, नातू घिऊन निघाल्यागत दिसताय. झबलं तरी घाला की त्याला." अप्पा म्हणायचे, "नातू नुसता रडतो गं गयाबाई. ह्यो जगाच्या बातम्या सांगतो."

त्या वर्षी आमची टोळी संगमनेरापलीकडं, अकोले गावाकडं होती, प्रवरेच्या काठाला. आमच्याकडं नजर जाईल तिथवर माळ, आणि तिथं चहूबाजूंनी डोंगर. संध्याकाळ लवकर व्हायची. शेतमालकाच्या घराकडून भात शिजल्याचा वास यायचा आणि आमच्या कोपीतून हुलग्याच्या शेंगोळ्यांचा. कोपी म्हणजे उसाचं पाचट आणि बांबू यांचं खोपट, वाकून आत शिरावं लागतं, आणि आत सगळ्याला गोडसर वास, अंथरुणाला, भाकरीला, केसांनासुद्धा. पहाटे अंधारात कोयत्यांना धार लावल्याचा आवाज यायचा, मग बायकांचं खोकणं, मग ट्रॅक्टर. आईअप्पा उसाच्या फडात गेले की कोप्यांवर मी आणि टोळीतली लहान लेकरं. माझी शाळा सातवीतच सुटली होती. सहा महिने इथं आणि सहा महिने तिथं अशी शाळा कुठली होते. त्याबद्दल कुणावर राग धरावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. भाकऱ्या थापायच्या, लेकरं सांभाळायची आणि वीज असली की टीव्ही लावायचा. मला जे काही चार शब्द नीट लिहिता येतात त्यातले निम्मे त्या टीव्हीने दिलेत. त्याचे उपकार मी मानते.

तबकडी बसवणं हे अप्पांचं खास काम. टोळीतल्या बाकीच्यांना ते जमत नव्हतं. नव्या जागी पोचलं की पहिल्या सकाळी ते लोखंडी पाइप जमिनीत ठोकायचे, त्यावर तबकडी अडकवायचे आणि बिडी पीत बसून राहायचे. न्याहारी उरकून पाणी प्यायची वेळ झाली की उठायचे. तबकडीच्या पुढं जो दांडा असतो त्याची सावली तबकडीच्या पोटावर सरळ उभी पडेपर्यंत ती हळूहळू फिरवायचे. मग आम्ही आतून ओरडायचं. "आलं का?" "न्हाई!" "आता?" "नुसतं चौकोन!" "आता?" "आलं, आलं, आलं!" अप्पा नट आवळायचे आणि वर बघून मान हलवायचे, जसं काही ओळखीचं कुणी माडीवर उभं आहे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. फसत फसत त्यांनीच शोधलेलं होतं.

माझा दादा, सोपान, बारावी झाल्यावर सैन्यात भरती झाला होता. घरातला पहिला, ज्याच्या हातात कोयता आला नाही. त्या हिवाळ्यात त्याची चौकी कुठंतरी उंच बर्फात होती. तिथं मोबाईल लागत नाही. पण त्यांच्याकडं छत्री लावलेला एक फोन होता, आणि दर रविवारी एकेकाची पाळी यायची. आमच्याकडं बटणांचा एक मोबाईल. त्याला रेंज फक्त बांधावरच्या बाभळीखाली मिळायची. म्हणून रविवारी दुपारनंतर आई फडातून लवकर सुटून तिथं जाऊन बसायची, आणि मी तिच्या शेजारी.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा नुसता गोंधळ झाला. आई म्हणाली, "सोपान, जेवला का रं?" पलीकडं गप्प. "आरं जेवला का? का बोलना? मंगल, ह्यो बोलतच न्हाई गं!" आणि तेवढ्यात दादाचं "जेवलो गं" तिच्या बोलण्यावर येऊन पडलं. मग तो थांबला तर ही बोलेना, आणि ही बोलायला लागली की तोही बोलायला लागायचा. पाळी संपली तेव्हा आई घामाघूम झाली होती. पुढच्या वेळी दादाने समजावलं.

"आई, तुझं बोलनं आधी वर जातं. वर आपल्या देशाचा उपग्रह हाय. तो ते खाली माझ्याकडं धाडतो. माझं बी तसंच येतं. म्हनून एकदा बोलली की गप ऱ्हायचं जरा."

आई गप्प राहिली. मग म्हणाली, "वर म्हंजी किती वर?"

थोडं थांबून आवाज आला, "ढगाच्या लई वर. चंद्राच्या अलीकडं."

"आन् पडत न्हाई का तो?"

"न्हाई गं. पृथ्वीबरूबर फिरतो, म्हनून आपल्याला एका जागी दिसतो. अप्पाची तबकडी बी तसल्याच एकाकडं तोंड करून बसलीय."

अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग मला काय नवा हाय व्हय तो? रोज न्याहारीला भेटतो."

आईला मात्र ते थांबणं तिच्या कामातूनच उमगलं. ट्रॉली भरताना खालची बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढते, वरचा माणूस ती उचलून घेतो, आणि त्याने घेतली हे कळल्यावरच मागची बाई फळीवर पाय ठेवते. घाई केली तर दोघी खाली. आईने गया मावशीला तसंच सांगितलं. "वरच्यानं मोळी घेतल्याबिगर दुसरी द्यायची न्हाई. बोलन्याचं बी तसंच हाय." गया मावशी म्हणाली, "मंग माझ्या नवऱ्यासंगं बी आसंच बोलाया पायजे. त्याला बी कायच लवकर पोचत न्हाई."

पुढं आई त्यात इतकी तयार झाली की बघत राहावं. एक वाक्य बोलायची आणि डोळे मिटायची. ओठ मिटलेले, मोबाईल कानाला घट्ट. मग उत्तर आलं की चेहरा उघडायचा. दादाच्या पाठोपाठ त्याचा एक सोबती यायचा फोनवर, दीपक नावाचा, पहाडी मुलुखातला. दादा सुट्टीवरून जाताना आईने त्याच्याजवळ शेंगदाण्याचे लाडू दिले होते, ते ह्यानेच जास्त खाल्ले म्हणे. तो ओरडायचा, "अम्मा, राम राम! लड्डू खतम!" आई मराठीतून सांगायची, "धाडते रं बाबा, धाडते." मग डोळे मिटून वाट बघायची, आणि वरून त्याचं हसणं यायचं. आईला त्याची एवढीच ओळख. आमच्यातल्या कुणीच त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

मी आता हे लिहिते आहे ते गुजरातेत, समुद्राकाठच्या एका मिठाच्या गावात. नवरा मिठागराच्या ट्रकवर आहे. दारापुढं मिठाचे ढीग, उन्हात डोळे दिपतात. पावसाळ्याच्या तोंडाला वादळाचा इशारा आला की इथली माणसं ट्रकात बसवून आत नेतात, आणि तो इशाराही वरूनच येतो असं माझा मुलगा सांगतो. वर पाहून हात जोडायची मला सवय लागली आहे, पोरं हसतात. वयाचं म्हणाल तर कागदावर मी फार म्हातारी नाही. पण ऊसतोडीतल्या बाईचं वय कागदावर धरू नये. माझे गुडघे विचारा. त्या ढिगांकडं बघताना दादाचं बर्फ असंच दिसत असेल असं मला वाटतं, आणि मग त्या वर्षीचे होळीच्या आधीचे ते दिवस डोळ्यांपुढं येतात.

त्या रविवारी फोन आला नाही. आई अंधार पडेपर्यंत बाभळीखाली बसली. "पाळी हुकली आसंल," असं तीच म्हणाली, आणि आम्ही तिचं ऐकलं. मंगळवारी सकाळी चहा होत होता तेव्हा अप्पांनी बातम्या लावल्या. खाली पट्टी सरकत होती. बर्फाचा कडा कोसळून एक चौकी गाडली गेली, जवान बेपत्ता. मी वाचत होते. अप्पांना वाचता येत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी मोठ्याने वाचलं नाही तरी त्यांना कळलं.

आई फडात गेली नाही. अप्पाही गेले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. टोळीचा मुकादम आला, दारात उभा राहिला, टीव्हीकडं बघितलं आणि निघून गेला. गया मावशीने तिची भाकरी आमच्या चुलीवर आणून थापली. कुणी जेवलं नाही. अप्पांनी मोबाईल घेऊन बाभळीखालून वस्तीवरच्या चंद्रभान बाबांना फोन लावला. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडं असायची.

"आमच्या दाराशी कोनी आलं का, बाबा?"

बाबा म्हातारे, त्यांना ऐकू कमी यायचं. तीनदा विचारल्यावर म्हणाले, "एक जीप आल्ती काल. तुझ्या दारापुढं थांबली. कुलूप बघितलं आन् गेली."

"कसली जीप? खाकी मानसं हुती का?"

"म्या लांबून पाह्यलं रं. डोळ्याला दिसत न्हाई मला."

अप्पा परत आले ते कोपीच्या तोंडाशीच बसले. त्यांनी आईला जीपचं सांगितलं नाही. मला सांगितलं, हळू आवाजात, आणि म्हणाले, "सरकारचा मानूस कागदावरच्या पत्त्यावर जानार. आन् तिथं आपलं कुलूप." मला ते अजून जसंच्या तसं ऐकू येतं. दादाचं काय झालं हे कदाचित जगात कुणाला तरी माहीत होतं, ते आम्हाला सांगायला निघालंही होतं, आणि आमच्या बंद दाराला बघून माघारी गेलं होतं. टोळीतल्या माणसाला निरोप द्यायचा तर तो कुठल्या फडात शोधायचा?

मग उरला टीव्हीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्या देणारी बाई म्हणाली की बेपत्ता जवानांची नावं हाती येत आहेत, थोड्याच वेळात सांगू. सगळी टोळी न्याहारीला कोप्यांवर आली होती, ती तशीच थांबली. लेकरांनासुद्धा कुणीतरी गप्प केलं. वीज होती. ऊन चढलेलं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती, टीव्हीकडं तिने तोंड केलंच नाही.

आणि चित्र फुटायला लागलं. बाईच्या तोंडाचे चौकोन झाले. आवाज तुटायला लागला, एक शब्द, मग अर्धा, मग निळा पडदा. सिग्नल नाही.

"अप्पा!"

ते बाहेर धावले. मीही धावले. तबकडी जागच्या जागी होती. तिला कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता, वर पाखरूसुद्धा बसलेलं नव्हतं. अप्पांनी नट सैल केला. आतून दहा माणसं ओरडायला लागली. "डावीकडं घ्या!" "न्हाई, वर करा!" "आलं का?" "न्हाई!" "आता?" "न्हाई, दाजी, न्हाई!" अप्पा फिरवत राहिले. जोर लावला तसा पाइपच जमिनीत ढिला झाला आणि तबकडी एका अंगाला कलली. ते तिला मिठी मारून उभे राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. जिच्यासाठी ते रस्ताभर खड्डे सोसायचे तिला ते आता गदगदा हलवत होते आणि म्हणत होते, "दाव की गं, दाव. एकदा नाव दाव."

गया मावशी बाहेर आली. तिने पाइप दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "दाजी, बस करा. सावली बघून लावा, तुमी लावता तशी." अप्पांनी वर बघितलं. न्याहारीची वेळ टळून गेली होती. सूर्य पुढं सरकला होता, दांड्याची सावली भलतीकडंच पडत होती. त्यांना एकच खूण माहीत होती आणि ती आता उद्या सकाळीच मिळणार होती.

तरी ते दिवसभर प्रयत्न करत राहिले. मी शेतमालकाच्या घरी पळाले, तिथं टीव्ही होता. दाराला कुलूप. घरची सगळी संगमनेरला लग्नाला गेलेली. त्यांच्या गच्चीवरची तबकडी मात्र नेटकी उभी होती, आणि मी कुंपणाशी उभी राहून नुसती तिच्याकडं बघत होते.

दिवस मावळायला आला तेव्हा आई उठली. मोबाईल घेतला आणि बाभळीकडं चालायला लागली. रविवार नव्हता. कुणी तिला अडवलं नाही. मी मागं गेले. ती बसली, मोबाईल ओच्यात ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवला, अंड्यावर कोंबडी बसते तसा. खाली नदीकडून रानात पाणी सोडलेल्या मोटारीचा आवाज येत होता.

मोबाईल वाजला. नेहमीसारखा लांबलचक, अनोळखी नंबर.

आईने तो कानाला लावला. "हॅलो," म्हणाली. आणि डोळे मिटले.

ती गप्प बसली होती. नियम मोडला नाही तिने. एवढ्या दिवसांत ते थांबणं नेहमी एका श्वासाचं असायचं. त्या संध्याकाळी मला वाटलं, ते संपणारच नाही. पलीकडं दादा असेल, नाहीतर त्याचा कुणी साहेब असेल, आणि दोघांचंही बोलणं तेवढाच वेळ घेऊन येणार होतं. ते वर गेलेलं होतं, खाली येत होतं, आणि मधल्या त्या जागेत माझा भाऊ जिवंतही होता आणि नव्हताही. मी आईच्या लुगड्याचा काठ धरला होता.

"आई," दादा म्हणाला. "मी हाय."

आईने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "जेवलास का?" आणि थांबली.

मी कान लावला. पलीकडून रडणं आलं. मोठ्या माणसाचं, दाबून ठेवलेलं. "आमची चौकी न्हाई गं. खालची. मी वर हुतो. दीपक खाली गेल्ता, सामान आनायला. त्याला अजून..." मग पाळी संपली की काय, की त्यालाच बोलवेना, फोन बंद झाला.

आई बराच वेळ मोबाईल कानालाच धरून बसली. मी म्हणाले, "आई, तुटला फोन." तिने मान हलवली. म्हणाली, "त्याची आय बी आशीच बसली आसंल की गं कुठं."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी न्याहारीनंतर सावली बघून तबकडी लावली. थोड्या वेळाने चित्र आलं. बाई नावं वाचत होती. आईने एक नाव ऐकलं, उठली आणि टीव्ही बंद केला.

दादा पावसाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा अप्पांनी त्याला पहिलं तबकडीचं विचारलं. जीप वीजवाल्यांची निघाली होती, मीटर बघायला आलेली, ते कळलं होतं. पण त्या सकाळी चित्र का गेलं ते कळलं नव्हतं. दादा म्हणाला, "वर्षातून दोनदा, होळीच्या सुमाराला आन् दसऱ्याच्या, थोडे दिवस सूर्य बरूबर उपग्रहाच्या मागं येतो. मंग तबकडीला सूर्यच दिसतो, उपग्रह दिसत न्हाई. घटकाभरानं सूर्य सरकला की आपोआप येतं."

अप्पांनी विचारलं, "म्हंजी नुसतं बसून ऱ्हायलो आसतो तरी आलं आसतं?"

"व्हय."

"दसऱ्याला त्याच्याच सावलीनं लावतो मी," अप्पा म्हणाले. आणि मग उठता उठता, "पन बसवतंय कुठं मानसाला."

अप्पा आता नाहीत. दादा निवृत्त होऊन वस्तीवरच असतो, आई त्याच्याजवळ. मी इथून तिला फोन करते. साधा मोबाईल, इथून लावला की तिथं वाजतो. मी म्हणते, "आई, मंगल बोलतेय." आणि ती गप्प. पहिल्यांदा मी रागवायचे. "आगं, आता वर जावं लागत न्हाई. बोल की लगीच." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मधी जागा ठिवावी थोडी. कुनाचं तरी यायचं आसतंय."

आता मी काही म्हणत नाही. नाव सांगते आणि थांबते. त्या जागेत मला वस्तीवरची शेळी ओरडताना ऐकू येते, कुणीतरी पिंपात पाणी ओततं ते ऐकू येतं. आणि मग तिचा आवाज येतो, नेहमी तोच प्रश्न घेऊन.

"जेवलीस का?"